दार कुठल्या बाजूला?

"अगं, खुर्ची एवढी मोठी नव्हती!" धाकटा कॅमेऱ्यामागून कुरकुरला.

"बाबांची खुर्ची आहे. मोठीच होती." अंधारातून ताईचा आवाज आला आणि तिच्या हातातल्या टॉर्चनं हवेत खुर्चीचा पाय ओढला.

कलादालनाच्या खिडक्यांना काळं कापड ठोकलं होतं. कॅमेऱ्याचं शटर उघडं होतं. काळे कपडे घातलेली ताई फोटोत उमटत नव्हती. उमटत होती ती नुसती टॉर्चची रेघ. अशा उजेडाच्या रेघांनी म्हाताऱ्या बहीणभावांनी लहानपणीचं घर एकेक खोली करून काढलं होतं. माणसाच्या उंचीच्या पारदर्शक पडद्यांवर ते फोटो छापून छताला टांगले होते, म्हणजे लोकांना घरभर हिंडता येईल.

आईची शेगडी, कधीच रिकामा नसणारा खाऊचा डबा, खिडकीतली मांजर, सगळं झालं होतं. खुर्चीनंतर राहिलं फक्त दार. उद्या प्रदर्शन उघडणार होतं.

"उजवीकडे," ताई म्हणाली.

"डावीकडे. उजवीकडे मांजर बसायची."

"मी मोठी. मला जास्त आठवतं."

"तू तर दारापर्यंत पोचायच्या आधीच घोरायला लागायचीस!"

दालनाच्या व्यवस्थापक बाईंनी आत डोकावलं. "घराचा एखादा जुना फोटो नाही का?"

"तेव्हा कुठला आलाय फोटो!" ताई म्हणाली.

जन्मभर धाकट्याला स्वतःची खात्री अशी कधी वाटलीच नव्हती. खात्री होती ती फक्त त्या घराची. तेही चुकलं तर हातात काय उरणार? अंदाजपंचे दार काढायला दोघंही तयार होईनात. शेवटी ती जागा तशीच मोकळी राहिली.

दुसऱ्या दिवशी माणसं आली. उजेडाच्या शेगडीशी कुणाची तरी आजी डोळे पुसत होती. धाकटा मात्र खांबाआडून त्या मोकळ्या जागेकडेच बघत होता.

काठी टेकत एक टक्कल पडलेले गृहस्थ तिथे थांबले. "इथलं दार कुठं गेलं?"

"कुठल्या बाजूला होतं, त्यावरून आमचं भांडण मिटेना," धाकटा ओशाळून म्हणाला.

"डावीकडे."

ताई पुढे झाली. "तुम्ही कधी आला होतात आमच्या घरी?"

"रोज रात्री," गृहस्थ म्हणाले. "माझी खाट तुमच्या शेजारची. दिवे मालवले की तुम्ही दोघं कुजबुजत ते घर रचायचात, आणि अनाथाश्रमातली आम्ही सगळी पोरं डोळे मिटून त्या दारातून आत शिरायचो."