साठ मीटरचं तत्त्व

आमच्या फाटकासमोर सुरू होणारा सायकल ट्रॅक दोनशे पावलांवर, कोपऱ्यावरच्या लाँड्रीपाशी गचकन संपतो. मग साठ मीटर नुसती माती, आणि पलीकडून तो पुन्हा सुरू होऊन थेट तलावापर्यंत, चांगला चौदा किलोमीटर जातो. मधला तुकडा दोन वर्षं रखडलाय, तो निव्वळ आमच्या ह्यांच्या कृपेने.

पहिल्या हरकतीत झाड आडवं आलं. दुसरीत त्या झाडावरचं घरटं. तिसरीत घरट्यातल्या पिल्लांची झोपमोड.

शेवटी काल इंजिनिअर बाई नकाशाची गुंडाळी घेऊन घरीच आल्या. "काका, झाडाला वळसा घातला. पिल्लं तर मोठी होऊन कधीच उडून गेली. हात जोडते, आता तुमची अडचण तरी काय आहे?"

"हा तत्त्वाचा प्रश्न आहे!" हे कडाडले.

बाईंनी हताश होऊन माझ्याकडे पाहिलं. मी गुपचूप उठले, फ्रिजवर चिकटवलेली डॉक्टरांची चिठ्ठी काढली आणि बाईंच्या हातात ठेवली.



'वजन फार वाढले आहे. रोज ट्रॅक संपेपर्यंत सायकल चालवणे.'