झेंड्यातला मूळ मालक

"संत्रं केवढं मोठं, अन् कापूस पाहा, चण्याएवढा!" झेंड्याच्या चित्राकडे बोट दाखवत रूपराव चहाच्या ट्रेवर वाकून पुटपुटले. "वर्ध्याचा कापूस काय उकिरड्यावर पडला होता?"

सुमित्राबाईंनी कप पुढे केला. वेगळ्या विदर्भाच्या झेंड्याची ही चौथी बैठक. राज्याचा पत्ता नव्हता. झेंड्यात मात्र वाघ होता, संत्रं होतं, बोंड होतं, अकरा जिल्ह्यांच्या अकरा चांदण्या होत्या. जागा उरली तर बंडूजी स्वतःलाही काढून घेतील, असं सुमित्राबाईंना वाटे. बंडूजी म्हणजे समितीचे अध्यक्ष आणि त्यांचे यजमान. बैठक त्यांच्याच मंगल कार्यालयात होती, जाम गावाजवळच्या हायवेवर.

आज झेंड्याची मधली जागा भरायची होती.

"तिथं आदिवासी पायजे," बंडूजी म्हणाले. "या मातीचा मूळ मालक!"

टाळ्या पडल्या.

मूळ मालक दारातच सापडला. टिकाराम गोंड, जंगल खात्यातला रिटायर चौकीदार. बापाचं शेत, ते वावर, परत मागणारा अर्ज घेऊन सकाळपासून बाहेर बसला होता. कोणतं वावर, ते हॉलमधल्या एकानंही विचारलं नाही. सगळ्यांना माहीत होतं.

त्याला टेबलावर चढवलं. चष्मा काढायला लावला, मग शर्ट. लग्नाच्या स्टेजवरची मोरपिसं डोक्याला बांधली. भाला म्हणून हातात पडद्याचा दांडा दिला. अर्ज कुठं ठेवावा, त्याला कळेना. शेवटी त्यानं तो सुमित्राबाईंच्या ट्रेमध्ये ठेवला. त्यांनी वाचला नाही. लग्न होऊन आल्या त्या वर्षीपासून त्यांना तो पाठ होता.

"साहेब, आमच्यात पिसं कोणी घालत नाई," टिकाराम म्हणाला. "अन् माह्या अर्जाचं…"

"अर्ज काय पळून राह्यला का? सरळ उभा राह्य. झेंड्यात चालला तू, लेका!" बंडूजी म्हणाले.

सगळे हसले. पंख्याच्या वाऱ्यानं टिकारामच्या छातीवरचे पांढरे केस हलत होते. चष्म्याविना तो नुसताच आवाजाच्या दिशेनं पाहत होता.

नीलेश पेंटरनं ब्रश थांबवला. "भाऊ, याच्या पायाखाली काय दाखवू? डोंगर का जंगल?"

"कापूस दाखव," रूपराव म्हणाले.

सुमित्राबाईंनी ट्रे खाली ठेवला.

"हा हॉल दाखवा, नीलेशभाऊ. याच्या बापाचं वावर आमी याच फरशीखाली दाबून ठेवलं हाये."