उलटं बाक

लिथुआनियाच्या दक्षिणेला, आमच्याकडे, बाकाला 'लावा' म्हणतात. आमच्या पूर्वजांनी हा शब्द पहिल्यांदा वापरला तो बसायच्या फळीला की निजायच्या, यावर माझा प्रबंध अडला होता. लिथुआनियात याचाच भाऊबंद शब्द खाटेला वापरतात, म्हणून माझे मार्गदर्शक सर निजण्याच्या बाजूचे. मी आपली उत्तरेकडच्या पोलेसिया भागातल्या खेड्यांत म्हाताऱ्यांना विचारत फिरत होते.

पारास्का आजीच्या घरी भिंतीलगतचं लांब बाक उलटं घातलं होतं. फोटोसाठी सुलटं करायला गेले, तर तिने माझं मनगटच धरलं.

"हात लावू नकोस, पोरी! काल माझ्या थोरल्याची, ओस्तापची शवपेटी यावरनं उचलली. लगेच उलटं घातलं नाही, तर मरण त्यावर ठाण मांडतं आणि घरातल्या आणखी एकाला घेऊन जातं. माझा धाकटा अजून लढाईवर आहे."

मी ओशाळले. तरी वहीत लिहून घेतलंच : निजण्यासाठी.

वसंतात प्रबंधाची प्रत द्यायला गेले, तर बाक सुलटं होतं. घासूनपुसून लख्ख, वर धुतलेलं कापड अंथरलेलं.

"बरं झालं, आजी, बसायला जागा केलीत!" म्हणत मी टेकणार, तोच तिने मला बाजूला ओढलं.

"तू नको बसूस. मंगळवारी धाकट्यालाही यावरनंच नेलं. आता घरात मी एकटीच उरलेय, म्हणून या खेपेला ते उलटं घातलं नाही."