एका पेशीच्या लेकी

"तिसऱ्यांदा तेच. हे विषाणूचं काम नाही, तुझ्या हाताचं आहे," मॅडम म्हणाल्या आणि हातमोजे चढवू लागल्या.

प्रयोगशाळेत त्यांच्या हाताखाली संशोधन करणारी मुलगी बाजूला झाली. तिच्या आकड्यांचा एकमेकांशी मेळच बसत नव्हता. एकाच पेशीपासून वाढवलेल्या चोवीस पेशी, म्हणजे सगळ्या सख्ख्या बहिणी. प्रत्येकीला वेगळ्या इवल्याशा वाटीत बसवायचं, प्रत्येकीला सारखाच विषाणू द्यायचा. तरी दुसऱ्या दिवशी एकीतून हजारो नवे विषाणू बाहेर पडायचे आणि शेजारची ठणठणीत. म्हणून मॅडम आज स्वतः करून दाखवणार होत्या. सुईत दोरा ओवावा इतक्या अचूकपणे त्या एकेक पेशी उचलत. त्यांचे आकडे सारखे आले, की मुलीचं काम बंद.

दुसऱ्या दिवशी दुपारी मोजणी झाली. मुलगी आकडे वाचत होती, मॅडम लिहीत होत्या.

"शून्य."

"पुढचा."

"चाळीस."

"पुढचा."

"नऊ हजार."

मॅडमचं पेन थांबलं. "नीट वाच."

"नऊ हजार दोनशे, मॅडम. शेजारची शून्य."

मुलीला हसू फुटू लागलं. शोकसभेत येतं तसलं, दाबावं तितकं वर येणारं. अकराव्या वाटीपर्यंत तिनं ओठ चावून धरले. बाराव्या वाटीत पुन्हा शून्य निघालं आणि तिच्या नाकातून फुस्सकन आवाज आला. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण समोर मॅडमचे खांदे गदगदत होते.

मग दोघींनाही आवरेना. डोळ्यांतून पाणी वाहिलं, एक स्टूल आडवं झालं. मुलीनं सहा वर्षांत एकदाही हसताना न पाहिलेल्या मॅडमनी तिचे दोन्ही हात धरून टेबलांच्या मधोमध गिरकी घेतली.

"एका आईच्या लेकी आणि तऱ्हा चोवीस," त्या धापा टाकत म्हणाल्या. "आणि आपण आयुष्यभर सगळ्यांची सरासरी काढत बसलो. खरी गंमत तर इथंच होती गं."

बोलता बोलता त्या थांबल्या. फोन काढून त्यांनी एक जुना नंबर शोधला. पलीकडून आवाज आला, तशा त्या हळूच खुर्चीत टेकल्या.

"मी बोलतेय," त्या म्हणाल्या. "नऊ वर्षांपूर्वी असल्याच आकड्यांवरून मी तुला प्रयोगशाळेतून घरी पाठवलं होतं ना. तुझे आकडे बरोबर होते, बाळ. कधी येतेस?"