मनगटातली खळबळ

डायलिसिससाठी नवऱ्याच्या डाव्या मनगटातल्या दोन रक्तवाहिन्या जोडल्यावर डॉक्टरीणबाईंनी बायकोला बजावलं, “इथे रक्त खळबळ करत धावणार. रोज सकाळी बोटं ठेवून बघा. थरथर लागली की ठीक. शांत झालं, तर तडक घेऊन या.” लग्नापासून ‘घरात जरा शांतता असू द्या’ म्हणणाऱ्या बाईला शांततेचीच धास्ती बसली. आज पहाटे अंधारातच बोटं ठेवली, तर मनगट गप्प. कान लावला, तरी गप्प. “अहो, उठा! बंद पडलं!” एकाच पायात चप्पल सरकवून ती गाडी बोलवायला निघाली. नवऱ्याने एक डोळा उघडला. पंख्यावरून काल दोघांचं वाजलं होतं, म्हणून तो फणकाऱ्याने पायथ्याकडे डोकं करून झोपला होता. “अगं, हा उजवा आहे.” तिने डावा ओढला. आत शिलाई मशीन चालू होतं. “केवढा गोंधळ घालता हो!” ती म्हणाली, पण हात सोडेना.