लाल कडेच्या पायऱ्या

आईने एक हिसका दिला. बैठकीच्या खोलीतला लाल मखमली पडदा दांडीसकट खाली आला. तिने तो जमिनीवर अंथरला आणि सरळ कात्री लावली.

मोजायला टेप घेतला नाही. चाळीस वर्षं लोकांचे कपडे शिवले होते. चार बोटं म्हणजे किती, हे बोटांना पाठ होतं. दोन लांब पट्ट्या निघाल्या. बैठकीतून स्वयंपाकघरात उतरायला दोन लाकडी पायऱ्या होत्या, जमिनीसारख्याच राखाडी. मागच्या आठवड्यात त्यातली खालची तिला दिसली नव्हती. भुवईवर तीन टाके पडले, आणि आज दुपारी मुलगा तिला कायमची न्यायला येणार होता.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, "मधलं दिसणं कमी होत जाईल. बाजूचं दिसत राहील."

"आणि रंग?"

"ठळक असतील तर दिसतील."

तेवढं तिला पुरे होतं.

पायऱ्यांच्या कडेला पट्ट्या लावून ती छोटे खिळे ठोकत गेली. एकदा हातोडी अंगठ्यावर बसली. अंगठा तोंडात धरून तिने दुसऱ्या हाताने पुढचा खिळा चाचपला. मग गालिचा गुंडाळून पलंगाखाली ढकलला. सोफाही राखाडीच, त्यावर पिवळी चादर टाकली. डोळ्यांवर तिरीप मारणारा आरसा उतरवून भिंतीकडे तोंड करून ठेवला. उशाजवळचा दिवा शेगडीशेजारी आणला. पांढरे कप काळ्या ट्रेमध्ये मांडले.

शेवटी नवऱ्याचे टाय काढले. तो गेल्यापासून सहा वर्षं ते कपाटात लटकत होते. औषधांच्या कपाटाच्या कडीला तिने नारिंगी टाय बांधला, न्हाणीघराच्या कडीला हिरवा. निळा टाय क्षणभर नाकाशी धरला आणि तोही बाहेरच्या दाराला बांधून टाकला.

मुलगा दोन मोकळ्या बॅगा घेऊन आला आणि उंबऱ्यातच थबकला.

"आई, हे काय? घराची पार सर्कस करून टाकलीस! आणि बाबांचे टाय?"

"पडून काय करणार होते? लागले कामाला."

"अगं, सामान बांधायचं सोडून हे काय काढलंस? तिकडे तुझी खोली तयार आहे. सुनेने स्वतः रंग निवडलाय. पांढरा. भिंती, पलंग, कपाट, सगळं कसं एकसारखं."

"तिला सांग, मनापासून केलंस, मला पोचलं," आई म्हणाली. "पण त्या खोलीत मी आंधळी होईन. इथे मला नुसतं कमी दिसतं."

तो बॅगा खाली ठेवून चादरीच्या टोकावर टेकला. आवाज खाली आणत म्हणाला, "परत पडलीस तर? मला फोन यायचा आणि मी दोन तास गाडी चालवत यायचं. दर वेळी तेच मनात, की आता काय बघायला मिळतंय. माझाही विचार कर ना."

हे मात्र कुठल्या रंगाने झाकता येणारं नव्हतं.

"चहा घेशील?" तिने विचारलं.

तो उठायला लागला. तिने हातानेच त्याला खाली बसवलं. लाल कडेपाशी गेली, पाऊल टाकलं, दुसऱ्या कडेवरून उतरली. भिंतीला हात लावला नाही. तो मात्र हात अर्धवट पुढे करून तसाच बसून राहिला. दिवा लागला. पातेल्याचा आवाज आला, डबा उघडल्याचा आला. बऱ्याच वेळाने ती काळा ट्रे घेऊन वर आली. एका कपाखाली चहाचं थारोळं होतं.

"सांडलं," तिने आपणहून सांगितलं. "पुसता येतं."

त्याने कप उचलला. चहा संपवला. मग तो उठला, पायऱ्यांपाशी खाली बसला आणि पट्ट्यांवरून अंगठा दाबत गेला. एकही खिळा वर आलेला नव्हता.

"एक महिना बघू," तो म्हणाला. "पण रोज फोन."

"मी करेन. तू तेवढा उचलत जा."

त्याला हसू आवरलं नाही. त्याने मोकळ्या बॅगा उचलल्या. दारापर्यंत गेला आणि वळला.

"आई, आल्यापासून बघतोय, मी बोलतो आणि तुझी नजर भलतीकडेच. एवढा राग आलाय का माझा? निदान निघताना तरी माझ्याकडे बघ."

"अरे, राग कसला? तुझ्याकडे सरळ बघितलं की चेहऱ्याच्या जागी नुसता धूर दिसतो. कानाकडे बघितलं की तू दिसतोस."

बॅगा त्याच्या हातातून सावकाश खाली टेकल्या. हे तिने त्याला कधी सांगितलं नव्हतं. त्यानेही विचारलं नव्हतं.

"थांब. हलू नकोस."

तिने त्याची हनुवटी धरून चेहरा खिडकीकडे वळवला आणि त्याच्या कानापलीकडे कुठेतरी नजर लावली. तो शाळेत जाणाऱ्या पोरासारखा निमूट उभा राहिला. बराच वेळ.

"डाव्या गालावर दाढी राहिलीय," ती म्हणाली.

त्याने हात लावून पाहिलं. राहिली होती.