सिनेमातला बाप

चारही पेपरांत परीक्षण एकच होतं. मथळे वेगळे, वार्ताहरांची नावं वेगळी. मजकूर मात्र स्वल्पविरामासकट तोच. स्वरदानं चारही पेपर दिवाणावर शेजारी शेजारी पसरले आणि उभ्यानंच वाचायला घेतले. समोर खुर्चीत बसलेल्या गोविंदरावांचा चहा हातातच राहिला.

सेलूत ही रीतच होती. मानपत्र असो, श्रद्धांजली असो की सत्काराची बातमी, निवृत्त मुख्याध्यापक गोविंदराव लिहून देत आणि तालुक्याचे वार्ताहर ते आपापल्या नावानं जसंच्या तसं पुढं पाठवत. कुणाला त्यात वावगं वाटत नसे. मुलीचा पहिला सिनेमा परभणीला लागला तेव्हाही बन्सीधर वार्ताहराचा फोन आला होता, की सर, तुमीच चार ओळी द्या, आमाला कुठं सिनेमातलं कळायलंय. गोविंदरावांनी चार ओळींच्या जागी दोन कॉलम दिले.

सिनेमा छोटाच होता. स्वरदानं पुण्याच्या मित्रांना जमवून केलेला. एका लहान स्टेशनावर गाड्यांच्या घोषणा करणारा पोरगा. समोरासमोर त्याच्या तोंडातून शब्द फुटत नाही, म्हणून कापसाच्या जिनिंगात काम करणाऱ्या पोरीला काय सांगायचं ते तो भोंग्यावरून सांगतो, येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांच्या नावांत गुंफून. पुण्या-मुंबईच्या समीक्षकांत दोन तट पडले. कुणी सिनेमाला ताजा आणि खट्याळ म्हटलं, कुणी लिहिलं की बाईंना हसवायचंय की रडवायचंय तेच ठरत नाही. स्वरदानं ते सगळं शांतपणे पचवलं होतं.

आता मात्र ती दुसऱ्या कॉलमच्या शेवटाशी थांबली. ते वाक्य तिनं मोठ्यानं वाचलं.

"मुलीच्या प्रियकराला मानानं घरात घेणारा, त्याला आपल्या शेजारी जेवायला बसवणारा हा उदार पिता दिग्दर्शिकेनं स्वतःच्या वडिलांवरूनच रेखाटला आहे, हे परिसरात सर्वश्रुत आहे."

स्वयंपाकघरात स्वरदाच्या आईचं, प्रमोदिनीबाईंचं, लाटणं थांबलं.

सिनेमा लागला त्या दिवशी थिएटरबाहेर लोकांनी गोविंदरावांचे हात हातात घेतले होते. पिक्चरमधला बाप म्हणजे हुबेहूब तुमीच की, सर. त्यांनी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. घरी येऊन वाक्य लिहिलं, आणि लिहिताना ते त्यांना खरंच वाटलं. मुलीच्या तोंडून ऐकताना मात्र त्यांच्या डोळ्यांपुढं काही वर्षांपूर्वी अंगणात उभा असलेला बालाजी आला. स्वरदाशी लग्नाचं बोलायला चुडाव्याहून आलेला, भर उन्हात उभा. त्याला त्यांनी बस म्हटलं नव्हतं, पाणी विचारलं नव्हतं. स्वरदा घरी नाही, एवढं सांगून दार लावून घेतलं होतं. स्वरदा त्या दाराच्या आतच उभी होती. त्यानंतर या घरात बालाजीचं नाव निघालं नाही, आणि स्वरदाच्या लग्नाचंही.

"लोक म्हणायलेत म्हणून लिहिलं," ते म्हणाले.

स्वरदानं फोन उघडून पुण्याच्या एका समीक्षकाच्या चार ओळी त्यांच्यापुढं धरल्या. त्यानं लिहिलं होतं, सिनेमातली सगळी माणसं खरी आहेत, फक्त बाप खोटा आहे. असा माणूस दिग्दर्शिकेला कुठं भेटला असेल असं वाटत नाही.

"ह्या एकट्याला बरोबर कळलं, बाबा."

तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर गोविंदरावांना काहीतरी बोलता आलं असतं. उद्याच खुलासा छापून आणतो, असं ते पुटपुटले.

"लिहा की," प्रमोदिनीबाई दारात येऊन म्हणाल्या. "काय काय झालं तेबी लिहा. चांगलं लिहिता तुमी."

तेवढ्यात बन्सीधर आला, फोटोग्राफरला घेऊनच. जिल्हा आवृत्तीला रविवारसाठी चौकट पाहिजे होती: पडद्यावरचा बाप आणि घरातला बाप. बसायच्या आधीच तो सांगायला लागला. फोनवर फोन यायलेत. वालूरचा एक जण पोरीशी लय दिवस बोलत नव्हता, तिनं आपल्या मनानं लग्न केलं म्हणून. त्यानं पिक्चर बघितला, परीक्षण वाचलं आणि काल पोरीला फोन लावला म्हणं. सेलूचे सर असं करू शकतात तर आपण कोण, असं म्हणाला म्हणं.

गोविंदरावांनी मुलीकडं बघितलं. तिनं एक शब्द काढला असता तर रविवारी खरं तेच छापून आलं असतं. तिनं तो काढावा, असं त्यांना फार मनापासून वाटलं. आपण स्वतः तो काढू शकतो, हे त्यांना सुचलं. पण तोंड उघडलं नाही.

स्वरदानं पेपर गोळा करून बाजूला ठेवले.

"काढा फोटो," ती म्हणाली.

फोटोग्राफरनं दोघांना खिडकीजवळ उभं केलं. बन्सीधर म्हणाला, "सर, पिक्चरमध्ये पोरीला निरोप देतानी ठेवतो ना त्यो बाप, तसा हात ठेवा ताईच्या डोक्यावर."

गोविंदरावांनी हात उचलला, पण तो तिच्या खांद्यापर्यंत येऊन तिथंच राहिला. फोटोग्राफर कॅमेरा डोळ्याला लावून ताटकळला. शेवटी स्वरदा वळली. तिनं त्यांचं मनगट धरलं, हात आपल्या डोक्यावर नेऊन ठेवला, आखडलेली बोटं एकेक करून मोकळी केली. एक पाऊल मागं होऊन, नटाकडं बघावं तसं तिनं त्यांच्याकडं बघितलं आणि पुन्हा त्या हाताखाली येऊन उभी राहिली.

"आणि खाली बघू नका, बाबा," ती हळूच म्हणाली. "तो बघत नाही."